गाणं बघायचं नसतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुम्ही संगीत शिक्षक होतात असं त्यात लिहिलंय, म्हणून सर म्हणतो. जगावर छाप पाडणाऱ्या म्युझिक व्हिडिओंवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. गाणं ऐकायचं असतं, बघायचं नसतं. या व्हिडिओंनी गळ्यापेक्षा चेहऱ्याला मोठं केलं. आणि कोल्हापूरच्या माणसानं मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर' व्हिडिओचं कौतुक करण्यापेक्षा आपल्या शाहिरांवर लिहावं, असं तुमचं म्हणणं. यातला चेहऱ्याचा मुद्दा मला मान्य आहे. पहिला अजिबात नाही.

आपल्या कोल्हापूरच्या देवल क्लबात गाण्याची मैफल असली की लोक पुढची जागा का धरतात? आवाज तर मागंही येतो. पण समेवर येताना बुवा तबलजीकडं कसं बघतात, तान घेताना हात कुठवर जातो, हे पुढूनच दिसतं. पोवाड्याचंही तेच. शाहीर डफावर थाप मारून एक पाऊल पुढं टाकतो, झीलकरी मागून 'जी जी रं जी' उचलतात, तेव्हा डोळे मिटून कोण बसतं? लावणीचं तर बोलायलाच नको. १९३२ साली 'प्रभात' फिल्म कंपनीनं याच गावात 'अयोध्येचा राजा' काढला, त्यात हरिश्चंद्र म्हणून कॅमेऱ्यासमोर उभं राहून गायले गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचंच. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीवर जीव टाकणारा हा माणूस; दिसल्यानं गाणं बाटतं असं त्याला वाटलं असतं, तर तो तिथं उभाच राहिला नसता.

व्हिडिओनं केलं ते एवढंच, की ही पुढची रांग सगळ्यांना खुली केली. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागलं. भैरवीतली पहिलीच ओळ पंडित भीमसेन जोशींची. ज्यांना मैफलीचं तिकीट कधी परवडलं नसतं, त्यांनी पंडितजींचा गाताना चेहरा पाहिला, तोही रंकाळ्याकाठच्या कुणाच्या तरी सोप्यात दाटीवाटीनं बसून. माझ्या दृष्टीनं आपल्या देशातला सगळ्यात मोठा म्युझिक व्हिडिओ तोच.

आता 'थ्रिलर'. एमटीव्ही हे म्युझिक व्हिडिओ दाखवणारं अमेरिकन चॅनेल १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं आणि सुरुवातीला त्यावर कृष्णवर्णीय कलावंत क्वचितच दिसत. १९८३ मध्ये मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'नं ते दार ढकललं आणि त्याच डिसेंबरात आलेल्या 'थ्रिलर'नं ते सताड उघडलं. जवळपास १४ मिनिटांचा व्हिडिओ, दिग्दर्शक चित्रपटवाला, जॉन लँडिस. २००७ साली फिलिपिन्समधल्या सेबूच्या तुरुंगात शेकडो कैदी अंगणात रांगा करून तोच नाच नाचले. कुणी शिकवायला अमेरिकेतून आलं नव्हतं. २००९ साली अमेरिकेनं जपून ठेवायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत तो घेतला. तिथं जागा मिळालेला पहिला म्युझिक व्हिडिओ.

व्हिडिओ बघून असं नाचण्याला तुम्ही नक्कल म्हणता. गॅदरिंगच्या तालमीला एकदा जाऊन बसा, सर. मोबाइल कंपासपेटीला टेकवलेला असतो. पडद्यावरच्या नाचणाऱ्याचा उजवा हात पोरींचा डावा होतो आणि सगळी रांग चुकते. मग त्यातली एक पुढं येते, पाठ करून उभी राहते आणि 'माझ्याकडं बघा गं' म्हणते. व्हिडिओ बाजूला राहतो, शिकवणं त्या पोरीकडं येतं. दुसऱ्या दिवशी त्या स्टेपमध्ये लेझीमची एक चाल शिरलेली असते. याला मी तरी नक्कल म्हणणार नाही.

चेहऱ्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. १९९५ च्या अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया' अल्बमनंतर आपल्याकडं देखण्या मॉडेलशिवाय अल्बम खपत नाही असा समज झाला आणि चांगले गळे मागं पडले. दलेर मेहंदींची गाणीही सुंदर मुलींमुळंच चालतात, अशी टीका व्हायची. त्यांनी १९९८ मध्ये 'तुनक तुनक तुन'मध्ये एकही मुलगी घेतली नाही, चारही नाचणारे ते स्वतःच. पुढं परदेशातली पोरं ते इंटरनेटवर नाचत बसली. म्हणजे माध्यमात खोट नव्हती, विकणाऱ्यांच्या नजरेत होती. विसर्जनातल्या डीजेच्या भिंतींचाही राग तुम्ही इथंच काढलात. तो राग माझाही आहे, पण त्याचा व्हिडिओशी काही संबंध नाही.

शाहिरांवर लिहायचंच आहे. पण पिराजीराव सरनाईकांचा पोवाडा तुम्ही समोर बसून ऐकलाय असं तुम्ही लिहिलंत. मग ते डफ कुठल्या हातात धरायचे, कुठल्या ओळीला थांबायचे, लोक कुठं उठून उभे राहायचे, हे मला सांगा. सांगायला लागलात की तुमच्याच लक्षात येईल, तुम्ही किती बघितलं होतं ते.