पाना फिरवल्याने स्लाइस जात नाही

गोल्फवाल्यांच्या ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: ‘अ‍ॅडजस्टेबल ड्रायव्हरचा लॉफ्ट कमी करा, 20 यार्ड जास्त मिळतील. स्लाइस असेल तर ड्रॉ सेटिंग लावा, बॉल सरळ. रेंजवर दहा बॉल मारले की आपलं सेटिंग कळतं. मग होल बघून बदलत राहा.’ (अ‍ॅडजस्टेबल ड्रायव्हर म्हणजे पान्याने सेटिंग बदलता येणारा, लांब फटक्याचा क्लब. फेस म्हणजे बॉलला लागणारी बाजू आणि लॉफ्ट म्हणजे तिचा वरचा कल. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे वळला तर स्लाइस, थोडा डावीकडे वळला तर ड्रॉ. रेंज म्हणजे सरावाचं मैदान.)

शेवटचं आधी निकालात काढू. राउंड सुरू असताना मुद्दाम सेटिंग बदलून त्या ड्रायव्हरने फटका मारला, तर नियम 4.1 नुसार स्पर्धेतून बाद. 2008 पासून असे ड्रायव्हर नियमात बसतात, पण पाना चालवायचा तो पहिल्या टीच्या, म्हणजे राउंड सुरू होण्याच्या आधी.

आता लॉफ्ट. स्लीव्ह (शाफ्ट म्हणजे दांडा हेडला जोडणारा तुकडा) फिरवली की हेडवर शाफ्ट थोड्या वेगळ्या कोनात बसते, बाकी जादू काही नाही. लॉफ्ट कमी केला की जमिनीवर टेकवलेल्या हेडचा फेस उघडा (उजवीकडे वळलेला) दिसतो, वाढवला की बंद (डावीकडे वळलेला). म्हणजे स्लाइसवाल्याने साडेदहा अंशांचा नऊ केला, तर फेस आणखी उघडला. वर कमी लॉफ्टवर तेवढीच चूक बॉलला जास्त वळवते. स्विंग हळू असेल तर बॉल पुरेसा उठतही नाही. 20 यार्ड वाढायचे राहिले बाजूला, असलेलेच जातात.

ड्रॉ सेटिंगबद्दलचा दावा मात्र अर्धा खरा आहे. हेडमधलं वजन हीलकडे (शाफ्टजवळच्या टोकाकडे) सरकवलं की फेस बंद व्हायला मदत होते, स्लाइस थोडी आवरतेही. पण उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब बाहेरून आत येत असेल आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा असेल, तर बॉल उजवीकडे वळणारच. शिवाय बंद दिसणारा फेस आपले हात नकळत ‘सरळ’ करतात आणि स्लीव्हने दिलेलं परत घेतात. (मीही हे केलंय. वर स्लीव्हलाच नावं ठेवली.)

राहिली दहा बॉलची परीक्षा. मला खरा घोळ इथेच दिसतो. बॉल टोवर (फेसच्या बाहेरच्या टोकावर) लागला तर डावीकडे वळू पाहतो, हीलवर लागला तर उजवीकडे, सेटिंग तेच असलं तरी. रेंजचे बॉल झिजलेले, एकसारखे नसलेले. त्यांच्यावरून यार्ड मोजण्यात अर्थ नाही. त्यात आपण लक्षात ठेवतो तो दहातला सगळ्यात लांब गेलेला.

म्हणून फेसवर पायाला मारायचा पावडर स्प्रे मारा, म्हणजे ठसा दिसेल. स्लीव्ह आणि वजन एकदम हलवू नका. मूळ सेटिंगवर पंधरा बॉल, बदललेल्यावर पंधरा, आणि पुन्हा मूळवर पंधरा. ही तिसरी खेप कुणी मारत नाही, बॉलची बादली संपलेली असते. पण पहिल्या आणि तिसऱ्या खेपेत, सेटिंग तेच असताना, दुसऱ्या खेपेइतकाच फरक पडला, तर तो फरक पान्याचा नव्हता.