आईचा तो फोटो

आई गेली त्याला उद्या तीन महिने होतील. तेव्हाच लिहायचं होतं, पण हात उचलला नाही. परवा एका मातीला गेले होते. तिथेही कुणीतरी गेलेल्या माणसाचा मोबाईलवर फोटो काढताना बघितलं आणि आता गप्प बसवत नाही.

आईला कवळी होती. रात्री वाटीत पाणी घालून त्यात काढून ठेवायची आणि सकाळी घरातलं कुणी उठायच्या आत बसवायची. कवळी नसताना जावई समोर आले की तोंडाला पदर. फोटो काढायचा म्हटला की "थांब गं, पदर सारखा करू दे" हे ठरलेलं. चाळीस वर्षांच्या अल्बममध्ये तिचा एक फोटो वेडावाकडा सापडणार नाही.

ती झोपेतच गेली. कवळी वाटीतच राहिली. नाकात कापूस, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेली पट्टी, आम्ही अंघोळीच्या तयारीत, आणि आमच्याच नात्यातल्या एका मुलाने वरून मोबाईल धरून फोटो काढला. लगेच स्टेटसला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात. मावशी तेव्हा एसटीत होती, कराडच्या पुढे. तिला आम्ही "अक्काची तब्येत बरी नाही, निघून ये" एवढंच सांगितलं होतं. आपली बहीण गेली हे तिला त्या स्टेटसवरून कळलं, भरल्या गाडीत, एकटीला.

उत्तरकार्य झाल्यावर मी त्या मुलाशी बोलले. तो म्हणाला, "काकू, ज्यांना यायला जमलं नाही त्यांना शेवटचं दर्शन व्हावं म्हणून टाकला." त्याच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण दर्शनाला माणूस येतो, चपला बाहेर काढतो, पाया पडतो, घरच्यांच्या खांद्यावर हात ठेवतो. पाणीपुरीच्या आणि सहलीच्या स्टेटसमधून सरकत जाताना दिसलेल्या चेहऱ्याला मी दर्शन म्हणणार नाही.

माझा भाऊ मेलबर्नला असतो. त्याला पोचणं शक्यच नव्हतं. त्याच्यासाठी व्हिडिओ कॉल मीच लावला. आधी बाबांना विचारलं. मग आईचा चेहरा ओल्या फडक्याने पुसला, कुंकू लावलं, पदर ओठांपर्यंत ओढून घेतला आणि मग फोन धरला. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. बऱ्याच वेळाने "पाय दाखव" म्हणाला. मी दाखवले. त्याने तिकडे जमिनीला डोकं टेकवलं. याचं कुठलंही रेकॉर्डिंग नाही. घरच्यांना विचारून, ज्याला गरज आहे त्याच्यापुरतं कुणी असं केलं तर माझी काहीच तक्रार नाही. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतले चितांचे फोटोही हवेच होते. काय चाललंय ते त्यांच्यामुळे दिसलं. पण मला आठवणाऱ्या त्या फोटोंत ओळीने पेटलेल्या चिता आहेत, कुणाच्या आईचं उघडं तोंड नाही.

गेलेल्या माणसाला "नको" म्हणता येत नाही. लिहून ठेवलं तरी ते पाळलं जाईलच असंही नाही. महात्मा फुल्यांनी १८८७ च्या मृत्युपत्रात आपला देह जाळू नये, मीठ घालून पुरावा असं लिहिलं होतं. घराच्या मागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले आणि वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. दहन करावं लागलं. टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं विस्तवाचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हातात घेतलं आणि अग्नी दिला. पुढे फुल्यांच्या अस्थी त्या ठरलेल्या जागीच ठेवल्या गेल्या. पुण्यात फुलेवाड्यातल्या त्या समाधीपाशी मी दोनदा उभी राहिले आहे. दोन्ही वेळेला सावित्रीबाईच जास्त आठवल्या. आपलं म्हणणं ठाऊक असलेलं आणि ते रेटणारं एक माणूस मागे असावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं इथे सगळ्यांसमोर सांगते. मी देहदानाचा अर्ज भरला आहे. "आई, आत्ताच कशाला हे?" म्हणत का होईना, दोन्ही मुलांनी त्यावर सह्या केल्या. आधी डोळे द्यायचे. त्याला सहा तासांच्या आतली वेळ असते, म्हणून रडण्याआधी फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा. अपघाताने गेले आणि पोस्टमॉर्टेम झालं तर देह घेत नाहीत. मग पंचगंगेवर न्या, शेणींवरच, म्हणजे गोवऱ्यांवर. आपल्या कोल्हापुरात लोक होळी लहान करून स्मशानाला शेणी देतात, त्यातल्याच माझ्या वाट्याला येऊ देत. रक्षा नदीत सोडू नका, शेतातल्या आंब्याच्या बुंध्यात घाला. चौकात डिजिटल बोर्ड नको. आणि माझे डोळे मिटल्यानंतर माझा एकही फोटो नको. भिंतीवर लावायचा मी आधीच निवडून ठेवलाय, कपाटात निळ्या फायलीत आहे, धाकटीच्या हळदीतला. त्यात मी हसतेय.

आईचा तो फोटो त्या मुलाने माझ्यासमोर काढून टाकला. पण तो पुढे कुठेकुठे गेला, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या मोबाईलमध्ये असेल तर आज तेवढा डिलीट करा. मला सांगायचीही गरज नाही.