ओएफएस आला म्हणून डिव्हिडंड कमी होत नाही

परत तोच मेसेज फिरतोय, "सरकार कोल इंडियासारख्या कंपन्यांचे शेअर्स विकायला काढतं, मग शेअर्सची संख्या वाढते, प्रत्येकाच्या वाट्याला डिव्हिडंड कमी येतो, म्हणून ऑफर आली की विकून मोकळे व्हा". रिटायर झालेली कितीतरी माणसं या डिव्हिडंडवर, म्हणजे नफ्यातून मिळणाऱ्या लाभांशावर, घरखर्च भागवतात, त्यांनी घाबरून विकू नये एवढ्यासाठी लिहितेय.

पहिली गोष्ट, शेअर्स वाढतात हेच चूक आहे. ओएफएसमध्ये, म्हणजे ऑफर फॉर सेलमध्ये, सरकार स्वतःकडचे शेअर्स विकतं, कंपनी नवीन एकही काढत नाही. जून 2023 ला कोल इंडियाचे 3% विकले, सरकारचा हिस्सा 66.13 वरून 63.13% झाला, एकूण शेअर्स तेवढेच राहिले. 2022-23 चा डिव्हिडंड शेअरमागे 24.25 रुपये होता, 2023-24 चा 25.50.

"मग 2016-17 ला कोल इंडियाचा डिव्हिडंड का घटला?" घटला ना, 27.40 वरून 19.90 वर आला, पण त्या वर्षी नफाच 14 हजार कोटींवरून 9 हजार कोटींच्या आसपास आला होता. 10% चा मोठा ओएफएस जानेवारी 2015 ला झाला होता आणि ते 27.40 त्याच्या नंतरच्याच वर्षाचे आहेत, शिवाय 2016 ला बायबॅक झालं, कंपनीने स्वतःचेच शेअर्स परत विकत घेतले, म्हणजे शेअर्स उलट कमीच झाले.

भाव पडतो हे मात्र खरंय. 2023 ला भाव 241 च्या आसपास होता आणि फ्लोअर प्राइस, म्हणजे ऑफरमधली कमीत कमी किंमत, ठेवली 225, ज्याला त्याच आठवड्यात पैसे हवे होते त्याला फटका बसलाच. पण ठेवून बसलेल्याला शेअरमागे रुपये तेवढेच मिळतात, आणि नवीन घेणाऱ्याला 24.25 च्या हिशोबाने 10% ऐवजी पावणेअकरा टक्के यील्ड, म्हणजे भावाच्या तुलनेत डिव्हिडंड, पडतं.

"सरकार बाहेर पडतंय म्हणजे डिव्हिडंड बंद होणार" हे तर पटतच नाही, 63% हिस्सा असल्यावर सगळ्यात जास्त डिव्हिडंड सरकारच्याच तिजोरीत जातो, ते कशाला बंद करतील?

भीती बाळगायचीच तर फ्रेश इश्यूची बाळगा, म्हणजे कंपनी स्वतः नवीन शेअर्स काढते त्याची. वीज वाहून नेणाऱ्या सरकारी पॉवरग्रिड कंपनीचा डिसेंबर 2013 चा एफपीओ (आधीच लिस्टेड असलेल्या कंपनीची लोकांना शेअर विक्री) बघा, 90 रुपयांनी, त्यात 13% शेअर्स नवीन आणि फक्त 4% सरकारचे. तिथे नफ्याचे वाटेकरी लगेच वाढतात, पण त्या पैशातून बांधलेली वीजवाहिनी चालू झाल्याशिवाय सीईआरसीने (केंद्रीय वीज नियामक आयोगाने) ठरवलेला रिटर्न, तेव्हा 15.5% होता, मिळायला लागत नाही, म्हणजे मधली काही वर्षं शेअरमागचा नफा दबलेला राहू शकतो. राइट्स (आधीच्या शेअरधारकांना विक्री) आणि क्यूआयपीमध्येही (मोठ्या संस्थांना विक्री) नवीनच शेअर्स येतात. त्यामुळे ऑफरची बातमी आली की आधी एक्स्चेंजवरची नोटीस उघडून बघा, विकणारा प्रमोटर (मुख्य मालक, इथे सरकार) आहे का कंपनी.