कोकणात सुप्तावस्था कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सुप्तावस्था, म्हणजे वाईट ऋतू सरेपर्यंत किड्याने वाढ किंवा अंडी घालणं थांबवून ठेवणं, ही बर्फाच्या मुलखातली गोष्ट, गुहागरला तुमच्या बागेत बारा महिने फुलपाखरं उडतात, आणि मी परदेशी पुस्तकातलं कोकणाच्या माथी मारतोय, असा तुमचा आक्षेप आहे. बारा महिने फुलपाखरं दिसतात हे खरं. पण उडतंय म्हणजे ते सुप्तावस्थेत नाही, हे मला मान्य नाही.

आपल्याकडे प्रश्न थंडीचा नाही, कोरडीचा आहे. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो आणि दिवाळीनंतर सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळायला लागतं. कॉमन इव्हिनिंग ब्राऊन या फुलपाखराचे सुरवंट भातावर आणि गवतावर वाढतात. त्याच्या पावसाळी पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात. कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते पुसट होऊन बारीक ठिपके उरतात आणि पंख थेट वाळक्या पानासारखा दिसतो. आंब्याच्या कलमाखालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांत, बसलेलं हे फुलपाखरू पाय अगदी जवळ पडेपर्यंत कळत नाही. तिन्हीसांजेला ते उडतं, पिकल्या फळांचा रस पितं, पण मादीची अंडी पिकत नाहीत. हीच त्याची सुप्तावस्था. घालून उपयोग काय, पिल्लांना ओला चारा कुठे आहे?

हे रूप पंख फुटल्यावर ठरत नाही, सुरवंट असतानाच ठरतं. आफ्रिकेतल्या बायसायक्लस अनीनाना या त्याच्या भाऊबंदावर प्रयोगशाळेत याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. सुरवंट गारव्यात वाढला तर वाढ रेंगाळते, कोष जड होतो, कोषात एकडायसोन हे संप्रेरक उशिरा वाढतं आणि कोरड्या हंगामाचं रूप बाहेर येतं: अंगात चरबी जास्त, आयुष्य लांब, अंडी उशिरा. म्हणजे सुप्तावस्था ही वाढीत पडलेली नुसती खीळ नव्हे. तिची तयारी वाढीतच झालेली असते.

काही जाती मात्र कोषातच थांबतात. मेंदूकडून इशारा मिळत नाही, म्हणून एकडायसोन स्रवत नाही आणि आतल्या फुलपाखराची घडण थबकते. दालचिनीवर वाढणाऱ्या कॉमन माइम या फुलपाखराचा कोष हुबेहूब मोडक्या काटकीसारखा असतो आणि तसाच महिनोन्‌महिने राहू शकतो. छाटणीत तो सहज काटक्यांबरोबर जातो.

म्हणून एक कळकळीची विनंती. भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजायला) पातेरा गोळा कराल तेव्हा कुंपणाकडेचा थोडा राहू द्या. आणि फेब्रुवारीत एखादं इव्हिनिंग ब्राऊन दिसलं तर पंखांच्या खालच्या बाजूचा फोटो नक्की पाठवा.