त्या तिघांची नावं

परवा जेवताना माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणाला, "मी गणित घेणार नाही. आमच्यातलं कुणीच घेत नाहीये." माझ्या तोंडून लगेच निघून गेलं, "ते विहिरीत उडी मारतील, मग तूही मारशील?" हेच वाक्य मी आईकडून कितीदा तरी ऐकलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "आई, आमच्यातलं म्हणजे कोण कोण, सांग बघू." तिघांपैकी मला एकाचंच नाव सांगता आलं.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहिते आहे.

"संगतीनं बिघडला" असं आपण फार सहज म्हणतो. बिघडवणारा मुलगा नेहमी दुसऱ्याच्या घरचा असतो. ज्या मुलाची मला धास्ती वाटते, त्याच्या आईला माझ्या मुलाची वाटत असेल, हे कधी मनातही येत नाही. हा शब्दप्रयोगच मला आता नकोसा झालाय.

मित्रांचा परिणाम होतो, हे खरंच आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका व्हिडिओ गेमवर प्रयोग केला होता. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं एरवीपेक्षा खूप जास्त धोका पत्करत. चोविशीच्या पुढच्यांत तसा फरक जवळजवळ दिसला नाही. पण मला जास्त विचारात पाडलं ते ब्रूस सॅसरडोट यांच्या २००१ च्या अभ्यासानं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांचे रूममेट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरत. रूममेटचा परिणाम मार्कांवर दिसला, विद्यार्थ्यांच्या कुठल्या मंडळात शिरायचं यावरही दिसला. मुख्य विषय निवडण्यावर मात्र दिसला नाही.

मग माझ्या घरात विषयच का अडला होता? दोन दिवसांनी त्याच्याजवळ जाऊन बसले. काही समजावलं नाही, नुसतं विचारलं. बराच वेळ गेला आणि मग तो बोलला. गणित त्याला आवडतंच. त्या वर्गात ओळखीचं कुणी नसेल, मधल्या सुट्टीत एकटं बसावं लागेल, ही भीती होती. मी गणितावर भांडत होते आणि प्रश्न होता शेजारच्या बाकाचा.

स्वीडनमध्ये हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा अभ्यास केला होता. २००० साली तो प्रसिद्ध झाला. पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं, त्यातलं बरंचसं मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. पाळत ठेवून, खोदून विचारून हाती येतं ते त्यामानानं थोडं. हे वाचलं आणि मला ते विहिरीचं वाक्य आठवलं. तसं बोलल्यावर कुठला मुलगा आपणहून काही सांगेल? अमक्याशी बोलायचं नाही म्हटलं, की मैत्री तुटत नाही. ती फक्त आपल्याला दिसेनाशी होते.

घराची ताकद उपदेशात आहे, असं मला वाटत नाही. माझ्या वडिलांनी मला 'मोठी हो' असं शंभरदा सांगितलं असेल, पण काय होऊ, ते मला मामाच्या टेबलावर दिसलं. तो नकाशे काढायचा. मी शेजारी बसून पेन्सिलींना टोक करून द्यायचे, आणि तो मला प्रत्येक रेघेचा अर्थ सांगायचा. शाळेतल्या कुठल्याच मैत्रिणीला नकाशांत रस नव्हता. मला कधी एकटं वाटलं नाही, कारण मामा होता. आज माझं पोट नकाशांवरच चालतं.

एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, जबाबदार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एखादं पाठीशी उभं राहणारं माणूस होतं. कधी ते आजी-आजोबांपैकी कुणी असे, कधी शिक्षक, कधी शेजारी. मामाला हे नक्की पटलं असतं, पण तो आज नाही.

मुलानं गणित घ्यावं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. त्याचं तो ठरवील. रविवारी ते तिघं आमच्याकडे येणार आहेत. त्यांतला एक अजिबात बोलत नाही म्हणे, पण चित्रं सुंदर काढतो. तिघांची नावं मी मुलाकडून विचारून घेतली आहेत.