लिफ्टमधला लेखापरीक्षक

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये माझं ऑडिट झालं. दोन्ही हातांत पिशव्या, दातांत घराची किल्ली आणि समोर तिसऱ्या मजल्यावरचे काका.

मी ब्लॉग लिहिते. गेल्या महिन्यात एका शाळेतल्या मुलींना वर्षभर सॅनिटरी पॅड मिळावेत म्हणून फेसबुक-इन्स्टावर पैसे मागितले. गुन्हा एवढाच.

तिसरा मजला आला, पण काका उतरले नाहीत. एक पाय बाहेर, एक आत ठेवून ते वळले.

"तुझं ते वाचलं हं."

"कुठलं, काका?"

"तेच. मुलींचं. ते... सामान."

दार मिटायला आलं, काकांच्या चपलेवर आपटलं आणि ओशाळून मागे गेलं.

"पॅड," मी किल्ली न पाडता म्हणाले. दातांत किल्ली असली की ओठ मिटत नाहीत, आणि ओठ मिटल्याशिवाय 'प' निघत नाही.

"फॅडच! अगदी बरोबर बोललीस," काका खूश झाले. "पण हिशोब कोण बघतं?"

"मीच. पावत्या टाकल्यात सगळ्या."

"पावत्या काय, कुणीही छापतं." धाड. दार परत गेलं. "आणि ते २८ मेचं काय लिहिलं होतंस?"

२८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन, २०१४ पासून पाळतात. चक्र साधारण २८ दिवसांचं, पाळी सरासरी पाच दिवसांची, म्हणून पाचव्या महिन्याची २८ तारीख. एवढं सगळं मी पिशव्या सांभाळत सांगितलं. काकांनी मान डोलावली.

"म्हणजे मेमध्येच लागतात?"

धाड.

"आणि प्रत्येक ठिकाणी तुझाच फोटो कशाला? दान कसं, उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये."

देणाऱ्यांची यादी मला पाठ आहे. काकांच्या दोन्ही हातांना कळण्यासारखं अजून काहीही घडलेलं नाही.

फोटोचं मात्र मला खरंच लागलं. पहिली पोस्ट मी बिनफोटोची टाकली होती. तिला सात लाइक आले, त्यातला एक माझ्या आईचा. मग स्वतःचा फोटो लावला तर धो धो प्रतिसाद, आणि त्यातल्या निम्म्या बायका विचारतात, "कानातलं कुठून घेतलंस?" २०१४ च्या मार्चमध्ये ब्रिटनमधल्या बायकांनी मेकअपशिवायचे फोटो टाकले, तर कॅन्सर रिसर्च यूकेला सहा दिवसांत ८० लाख पौंड मिळाले. ती मोहीम संस्थेने सुरूही केली नव्हती. पैसे द्यायला एसएमएसमध्ये 'बीट' (BEAT) लिहायचं होतं. काहींनी 'डोनेट' लिहिलं आणि पैसे युनिसेफकडे निघाले. काहींचं 'बेअर' (BEAR) झालं, तर त्यांना ध्रुवीय अस्वल दत्तक घेणार का, अशी विचारणा आली! चेहरा दाखवला की पैसा येतो, यात माझा काय दोष? मेलबर्नला २००३ मध्ये सुरू झालेली ती नोव्हेंबरात मिशा वाढवायची 'मोव्हेंबर'ची टूम बघा. पुरुषांच्या आरोग्यासाठी पैसे जमवते, चांगलंच आहे. पण मिशीला कुणी "तुझाच फोटो कशाला" म्हणत नाही. मिशीला "जबरदस्त, सर!" मिळतं. आणि आम्ही मोहीम चालवायची, पावत्या चिकटवायच्या, रात्री साडेअकराला अनोळखी माणसाच्या "हाय डिअर"ला उत्तर टाळायचं, वर आमच्यावरच प्रसिद्धीची हौस असल्याचा आरोप.

हे सगळं काकांना ऐकवायचं होतं. तोंडात किल्ली होती.

शेवटी लिफ्टच कंटाळून ठणाणा करू लागली, तेव्हा काकांनी पाय काढला. जाता जाता म्हणाले, "मला तो तक्ता पाठव. बघतो जरा."

रात्री पाठवला. पाऊण तासात फोन.

"ओळ क्रमांक एक. सगळ्यात मोठी रक्कम, आणि नावाच्या जागी 'नाव नको'? हे कोण?"

"काका, त्यांनी सांगू नका म्हटलंय."

"बघ! इथेच पाणी मुरतंय. पारदर्शकता नको? नाव काय आहे?"

मागून भांडी आवरल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"काका, खरंच नाही सांगता येणार."

"मला हे संशयास्पद वाटतंय," काका म्हणाले, आणि फोन तोंडापासून दूर न धरताच ओरडले, "अगं, ऐकलंस का, हिच्या यादीत कुणीतरी निनावी आहे!"

"असेल कुणीतरी," काकूंचा आवाज आला. भांडी पुन्हा वाजू लागली.