दुसऱ्या हुकाची घाई: एका पैलवानाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार पैलवान,

जिउ-जित्सूत समोरच्याची पाठ घेतल्यावर दुसऱ्या हुकाची (हुक म्हणजे मागून त्याच्या मांडीच्या आत अडकवलेला पाय) घाई करू नका, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना एक मुद्दा पटला, तर तिथूनच सुरुवात करतो. "पाठीवर असताना पाय एकमेकांत कधीच अडकवू नका म्हणता, मग बॉडी ट्रायँगल म्हणजे काय?" असं तुम्ही विचारलंत. बरोबर आहे. 'कधीच' हा शब्द मी सैल हाताने लिहिला. मला म्हणायचं होतं ते घोट्यावर घोटा टाकण्याबद्दल. समोरच्याच्या पोटापुढे तुमचे घोटे एकमेकांवर आले, की तो त्यांच्यावर आपला पाय टाकतो, दुसऱ्या पायाने त्याला कुलूप लावतो आणि कंबर पुढे रेटतो. पाठ तुमच्या ताब्यात, गळ्याशी तुमचा हात, आणि टॅप करता, म्हणजे थोपटून हार मानता, तुम्हीच! मी केलाय. तोही जेमतेम महिनाभर झालेल्या एका पोराला.

बॉडी ट्रायँगलमध्ये एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यामागे जातो, ते निराळं. तरी अडकवलेला चवडा खाली दाबला जाईल अशा बाजूवर पडायचं नाही, एवढं तिथेही पाळावं लागतं. माझे पाय आखूड, जाड कंबरेभोवती ते बसतच नाहीत, म्हणून कदाचित माझं प्रेम कमी असेल.

आता भांडणाचा मुद्दा. "दुसरा हुक लांबवणं म्हणजे हातातले 4 गुण सोडणं," असं तुमचं म्हणणं. आयबीजेजेएफच्या (आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या) नियमांत ते 4 गुण दोन्ही टाचा मांड्यांच्या आत, घोटे न अडकवता, 3 सेकंद राहिल्या तर मिळतात, हे खरं. (तुमच्या लाडक्या बॉडी ट्रायँगलला ते मिळत नाहीत, हेही खरं.) पण समोरचा टर्टलमध्ये, म्हणजे गुडघे-कोपरांवर कासवासारखा, गोळा होऊन बसलाय, तुमचा सीटबेल्ट लागलाय, एक हात खांद्यावरून आणि एक काखेतून. अशा वेळी दोन्ही पाय घालायला म्हणून तुम्ही त्याच्या पाठीवर चढता, तेव्हा तुमचं सगळं वजन त्याच्या खांद्यांवर जातं. तो एक खांदा खाली सोडतो आणि तुम्ही त्याच्या डोक्यावरून मॅटवर. गुण राहिले बाजूला.

त्यापेक्षा चढूच नका, बाजूला बसा. त्याचं कोपर आणि गुडघा यांच्यामध्ये जी फट असते तिथे जवळचा पाय सारा, चवडा मांडीच्या आत अडकवा, आणि त्याच्या कंबरेला कंबर चिकटवून सरळ मॅटवर बसत त्याला मांडीवर ओढा. शक्यतो खांद्यावरून गेलेल्या हाताच्या बाजूला. तो कलंडला की त्याची वरची मांडी आपोआप उघडते. दुसरा हुक तेव्हा. फार तर दोन सेकंदांचा उशीर.

तुमचं सगळ्यात ठसक्यातलं वाक्य मात्र वेगळंच होतं: "आम्ही तालमीत खाली गेलेल्याच्या पाठीवर आयुष्य काढलं, आम्हाला पाय कशाला शिकवता?" ताबा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, यात वाद नाही. पण जरा उलटं करून बघा. कुस्तीत खालचा पैलवान पोट जमिनीला चिकटवतो, कारण खांदे टेकले तर तो चीत झाला. तुम्ही घिस्सा मारून त्याला पलटी करायला बघता. जिउ-जित्सूत पाठ गेलेल्या माणसाला स्वतःलाच खांदे मॅटला टेकवायचे असतात! पाठ आणि मॅट यांच्यामध्ये तुमची छाती उरली नाही की तो सुटला. म्हणून तुमच्या अंगात मुरलेली ती पलटी इथे त्यालाच मदत करते. आमच्याकडे तालमीतून आलेले दोघे अगदी असेच फसायचे. उत्तम ताबा घ्यायचे आणि मग स्वतःच्या हाताने समोरच्याला उताणा करून द्यायचे. वर, तो सुटला कसा म्हणून आमच्याकडेच बघायचे.

पायांचं काम इथे सुरू होतं. तो आधी तुमचा खालचा हुक ओलांडतो, कंबर मॅटवर उतरवतो, मग खांदे. खालच्या पायाने त्याची कंबर उचलत राहायची, वरच्याने ती अडवून धरायची. मांड्यांनी आवळून हे होत नाही, कारण आवळले की चवडे थंड पडतात. खालचा हुक गेलाच तर तो परत घालण्यासाठी झटत बसू नका. वरचा पाय पोटावरून पलीकडे टाका, गुडघा मॅटला लावा आणि वर येऊन माउंट घ्या, म्हणजे त्याच्यावर स्वार व्हा. त्याचेही 4 गुणच आहेत.

राहिली मांडीतल्या ताकदीची गोष्ट. जिउ-जित्सूतल्या मार्सेलो गार्सियाने एडीसीसी या पकडींच्या मोठ्या स्पर्धेतला 77 किलोखालचा गट 2003, 2005, 2007 आणि 2011 असा चार वेळा जिंकला. 2007 साली तर वजनाची अट नसलेल्या गटातही तो अंतिम फेरीपर्यंत गेला. पाठ घेणं हा त्याचा हातखंडा. आपल्यापेक्षा कितीतरी जड माणसांना तो नुसता मांड्यांनी आवळत बसला असता, तर तिथवर पोचला नसता.

एक करून बघा. जोडीदाराला टर्टलमध्ये बसवा, सीटबेल्ट आणि एकच हुक घ्या, दुसरा पाय मॅटवरच ठेवा, आणि त्याला पूर्ण जोराने सुटायला सांगा. तीन-तीन मिनिटांचे चार राउंड. कुठल्या बाजूला जास्त वेळा सुटला ते इथेच लिहा.

आणि हो, मूळ लेखातलं ते 'कधीच' आज सकाळी काढून टाकलंय.